११२ मैलांवरचा डॉक्टर

व्हिडिओ कॉलवरचा डॉक्टर ही कोविडची देणगी, असं आपण धरून चालतो. पण ही गोष्ट इंटरनेटच्याही आधीची आहे.

१९५९ साली अमेरिकेत ओमाहाच्या नेब्रास्का सायकिअॅट्रिक इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सेसिल विट्सन आणि सहकाऱ्यांनी दुतर्फा टीव्हीवरून रुग्णांवर गटोपचार करून पाहिले. १९६४मध्ये हीच सोय ११२ मैल, म्हणजे सुमारे १८० किलोमीटर दूरच्या नॉरफोकमधल्या सरकारी मनोरुग्णालयापर्यंत पोचली. तिथे तज्ज्ञांची वानवा होती. ओमाहातून पडद्यावर त्यांचा सल्ला मिळू लागला आणि तिथल्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षणही होऊ लागलं.

सुरुवात मानसोपचारानेच का झाली? इथे तपासणी बरीचशी बघण्या-ऐकण्यातून होते. पण म्हणूनच ती नाजूकही आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. कॉलमध्ये अर्ध्या सेकंदाचा उशीर मला किरकोळ वाटायचा. मानसोपचारात मात्र रुग्णाचं गप्प होणं हेही लक्षण असू शकतं. तो थांबला की नेटवर्क अडकलं, हे डॉक्टरला कळायलाच हवं.

आणि पडदा बंद झाल्यावर रुग्णाजवळ उरतो तो वॉर्डातला कर्मचारी. त्याला शिकवणं हा नॉरफोकच्या प्रयोगाचा भाग होता. आपण अॅप बनवताना नेमका तोच विसरतो.