गुडघ्याच्या झिजेवरील इंजेक्शने

गुडघ्याच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये (सांध्याची झीज) दुखणे कमी करण्यासाठी थेट सांध्याच्या पोकळीत दिली जाणारी औषधे. स्टेरॉइड, हायलुरॉनिक आम्ल आणि रुग्णाच्याच रक्तापासून तयार केलेला प्लेटलेटयुक्त रक्तद्रव (पीआरपी) हे त्यांचे तीन मुख्य प्रकार. झिजलेली कूर्चा यांपैकी कशानेही पुन्हा भरून येते असे सिद्ध झालेले नाही. काही रुग्णांचे दुखणे काही काळ दबते, इतकीच त्यांची मजल आहे.

झीज आणि कष्ट : वय, वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि कामाची पद्धत ही झिजेची प्रमुख कारणे आहेत. पन्नाशीनंतर स्त्रियांमध्ये ती अधिक आढळते. कामाच्या पद्धतीचे उदाहरण म्हणजे रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातील गडब, कासू, वडखळ हा भातशेतीचा पट्टा. लावणीत कंबरेतून वाकून, चिखलात रुतलेला एकेक पाय उपसत मागे सरकावे लागते. मासळी निवडणे, भांडी घासणे, चुलीपुढचा स्वयंपाक ही कामे उकिडवे बसून होतात. पेणच्या गणपती कारखान्यांतही तासन् तास मांडी घालून काम चालते. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यावर मोठा दाब येतो. म्हणूनच उकिडवे बसणे आणि जिना उतरणे या दोन तक्रारी रुग्ण बहुधा सर्वांत आधी सांगतात. हे दुखणे शहरी किंवा सुखवस्तू माणसांपुरते नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या पाहणीत सुमारे चार हजार प्रौढांपैकी अंदाजे १८ टक्के लोकांना सांधे-स्नायूंच्या तक्रारी आढळल्या.

स्टेरॉइड : फिलिप शोवॉल्टर हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना कॉर्टिसोनसह अधिवृक्क ग्रंथीच्या संप्रेरकांवरील कामासाठी १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी फिलाडेल्फियाचे डॉ. जोसेफ हॉलंडर यांनी सांध्यात हायड्रोकॉर्टिसोन टोचण्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज मुख्यतः ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. सांध्याच्या अस्तराचा दाह शमल्याने काही दिवसांत आराम पडतो आणि तो सहसा काही आठवडे टिकतो. गुडघा सुजून पाणी भरले असेल, तेव्हा हे इंजेक्शन विशेष कामी येते. वारंवार घेणे मात्र अंगाशी येऊ शकते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १४० रुग्णांना दोन वर्षे दर १२ आठवड्यांनी ट्रायमसिनोलोन किंवा नुसते सलाइन टोचले गेले. दोन वर्षांअखेर दुखण्यात फरक नव्हता, पण स्टेरॉइड घेणाऱ्यांची कूर्चा अधिक झिजली होती. त्यामुळे दोन इंजेक्शनांत किमान तीन महिन्यांचे अंतर ठेवण्याचा प्रघात आहे.

हायलुरॉनिक आम्ल : बोलीत ‘जेलचे’ किंवा ‘वंगणाचे’ इंजेक्शन. सांध्यातील द्रवाला चिकटपणा देणारे हे द्रव्य कार्ल मायर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील काचरसातून वेगळे केले. पुढे ते कोंबड्याच्या तुऱ्यातून काढले जाऊ लागले. आता जिवाणूंच्या किण्वनातूनही मिळते. तुऱ्यापासून बनवलेले औषध असेल, तर कोंबडी-अंड्यांची ॲलर्जी डॉक्टरांना आधीच सांगावी लागते. ‘वंगण संपले, म्हणून भरायचे’ ही समजूत रुग्णाला चटकन पटते. प्रत्यक्षात टोचलेले जेल काही दिवसांतच सांध्यातून निघून जाते. २०२२ मध्ये १६९ चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा त्याचा वेदनेवरील परिणाम नगण्य ठरला. अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांची संघटना ते सरसकट वापरण्याची शिफारस करत नाही.

पीआरपी : रुग्णाच्या शिरेतून रक्त घेऊन ते यंत्रात वेगाने फिरवतात. तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वरचा प्लेटलेटयुक्त पिवळसर द्रव गुडघ्यात सोडतात. तो तयार करण्याची एकच ठरलेली पद्धत नसल्याने चाचण्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील चाचणीत २८८ रुग्ण होते. वर्षभरानंतर पीआरपी आणि सलाइन या गटांच्या दुखण्यात व कूर्चेच्या झिजेत लक्षणीय फरक आढळला नाही. सलाइन घेणाऱ्यांचे दुखणेही बऱ्यापैकी उतरले होते. सुई टोचल्याचा दिलासा आणि दुखण्याची मूळचीच चढउतार या दोन्हींचा त्यात वाटा असतो.

कृती आणि धोके : रुग्णाला उताणे झोपवून गुडघ्याखाली छोटी उशी देतात. जंतुनाशकाने त्वचा पुसून वाटीच्या वरच्या बाहेरील कडेलगत सुई घालतात. पाणी साचले असेल, तर ते आधी काढतात. झिजेतले पाणी सहसा गवती पिवळे व नितळ असते. ते गढूळ निघाले, तर जंतुसंसर्गाची शंका घेऊन स्टेरॉइड टाळतात व नमुना तपासणीला पाठवतात. पुढचे एक-दोन दिवस गुडघा ठणकू शकतो. स्टेरॉइडमुळे मधुमेहींची साखर काही दिवस चढते. जंतुसंसर्ग क्वचितच होतो, पण तो गंभीर असतो. ताप, लाली आणि वाढती सूज दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गुडघा बदलण्याच्या शस्त्रक्रियेआधीचे तीन महिने इंजेक्शन टाळतात, कारण कृत्रिम सांध्यात संसर्गाचा धोका वाढतो.

इतर उपचारांतील स्थान : मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम आणि वजन कमी करणे हा उपचाराचा पाया आहे. वजन एक किलो घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा, पाच अंक मोजेपर्यंत धरायचा आणि सावकाश खाली आणायचा, हा व्यायाम घरच्या घरी होतो. दुखणाऱ्या गुडघ्याने तो नकोसा वाटतो. इंजेक्शनाने मिळालेले थोडे आठवडे त्याच्यासाठीच वापरायचे असतात. आराम पडताच पुन्हा उकिडवी कामे सुरू केली, तर ती सवलत वाया जाते.

झीज फार पुढे गेल्यावर सांधा बदलतात. लोक याला ‘वाटी बदलणे’ म्हणतात, पण वाटीचे हाड जागेवरच राहते. मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर धातू बसवून मध्ये प्लॅस्टिकचा थर देतात. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचे गुडघे २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलले, तेव्हा ही शस्त्रक्रिया देशभर चर्चेत आली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. त्यामुळे इंजेक्शनांवर पुन्हा पुन्हा खर्च करण्याआधी, पुढेमागे शस्त्रक्रिया लागेल का, हे अस्थिरोगतज्ज्ञाला स्पष्ट विचारून घेणे हिताचे ठरते.