मुकादम गेला तेव्हा

1973 च्या उन्हाळ्यात आमच्या गावातून एक माणूस नाहीसा झाला आणि त्याच्यापायी दुसरा एक माणूस मेला. नाहीसा झालेला पुढं परत आला, म्हातारा झाला, घरच्या खाटेवर गेला. मेलेल्याबद्दल गाव अजून बोलतं. पारावर विषय निघाला की चार म्हाताऱ्यांकडून पाच गोष्टी ऐकायला मिळतात. नाहीशा झालेल्याचं नाव मी इथं लिहीत नाही, त्याची नातवंडं गावात नांदताहेत. मेलेल्याचं नाव लिहीत नाही, कारण ते मला ठाऊक नाही. गावात कुणालाच नव्हतं. सगळे त्याला 'पारधी' म्हणायचे.

आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, कोरडवाहू. 72 साली पाऊस गेला, विहिरी तळाला लागल्या, जनावरं बाजारात मातीमोलानं गेली. मग सरकारी दुष्काळी कामं निघाली. आमच्या शिवारात पाझर तलावाचं आणि रस्त्याच्या खडीचं काम होतं. बायाबापड्या दिवसभर खडी फोडायच्या, पोरांना सुकडी मिळायची. हजेरीच्या मस्टरवर मुकादमाचा हात. आठवड्याचा पगार त्याच्याच डोळ्यांसमोर वाटला जायचा.

एका शनिवारी पगार झाला आणि रविवारी सकाळी मुकादम घरी नव्हता. बायको म्हणाली, रात्री जेवून मळ्याकडं गेले ते आलेच नाहीत. दोन दिवस माणसं विहिरी, ओढे, करडईची रानं बघत फिरली. तिसऱ्या दिवशी पोलीस पाटलांनी ठाण्यात वर्दी दिली. तोवर गावानं निकाल लावलेला होता. मुकादमाच्या खिशात पैसा होता, त्याला कुणीतरी गाठलं, मारलं, पुरलं. कुणी, हा प्रश्न उरला होता. त्याचंही उत्तर तयारच होतं. माळावर पारध्याचं पाल पडलेलं होतं.

ते बिऱ्हाड दोन वर्षांपासून येऊन-जाऊन असायचं. तो, बायको, तीन पोरं, दोन कुत्री. तो फासे लावून तितर धरायचा. सुगीत गावच्याच एका बागायतदाराच्या मळ्यात जागलीला असायचा. म्हणजे चोरी होऊ नये म्हणून ज्याला राखणीला ठेवायचं, चोरी झाली की पहिलं बोट त्याच्याकडंच.

आता माझा भाग सांगतो. मी तेव्हा अकरा वर्षांचा, पाचवीत. त्या शनिवारी दिवस मावळताना मी शेळी शोधत ओढ्याकडं गेलो होतो. लांबून एक माणूस आणि दोन कुत्री दिसली होती. मी घरी येऊन आजीला सहज सांगितलं, "ओढ्याला पारधी दिसला." आजीनं शेजारणीला सांगितलं. दोन दिवसांत ते वाक्य गावभर हिंडून परत आमच्या दारात आलं, तेव्हा त्याच्या हातात कुऱ्हाड आली होती आणि मुकादम त्याच्या पुढं चालत होता. हवालदार चावडीत आले. मला बोलावणं आलं.

"काय रं पोरा, तू बघितलास म्हनं?"

मी म्हणालो, "व्हय."

काय बघितलंस, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. चावडीत एवढी मोठी माणसं आपल्याकडं बघताहेत, याचं मला त्या वेळी भारी वाटलं होतं.

गुरुवारी पारध्याला नेला. अटक म्हणून नाही, 'तपासाला' म्हणून. या शब्दात किती सोय आहे, ते मला मोठेपणी कळलं. अटक केली की चोवीस तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. राज्यघटनेच्या 22 व्या कलमातच ते लिहिलंय. तपासाला बोलावलेल्याची नोंदच नसेल, तर तास मोजायचे कुठून? गुरुवार, शुक्रवार, शनिवार, तीन रात्री तो आत होता आणि कागदावर तो कुठंच नव्हता.

आत त्याला काय विचारत असतील, हे मात्र ताडता येतं. पोलिसांपुढं दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. पण आरोपीनं सांगितल्यावरून एखादी वस्तू सापडली, तर सांगण्यातला तेवढा भाग चालतो. तेव्हाच्या, 1872 च्या पुरावा कायद्याचं हे 27 वं कलम होतं. त्यामुळं नाहीशा झालेल्या माणसाच्या तपासात सगळा जोर एकाच ठिकाणी येतो: प्रेत कुठं टाकलंस, दाखव. खून केलेला माणूस मार असह्य झाला की जागा दाखवून मोकळा तरी होईल. याच्याकडं दाखवायला काहीच नव्हतं. जो मेलाच नव्हता, त्याचं प्रेत तो कुठून दाखवणार होता?

रविवारी दुपारी निरोप आला, पारधी मेला. 'अकस्मात मृत्यू, छातीत कळ आली' असं पोलीस पाटलांनी चावडीत सांगितलं. मढं तालुक्याच्या दवाखान्यातून थेट मसणवट्यात नेलं, अंधार पडायच्या आत माती झाली. बायकोला तोंड तेवढं बघू दिलं म्हणतात.

आणि मग गाव बोलायला लागलं. एक म्हणायचा, त्यानं धोतराचा फास घेतला. दुसरा म्हणायचा, तो तर लंगोटीवर होता, धोतर आलं कुठून? तो पळाला आणि आडात पडला. कुणी सांगायचं, आधीच पोटाचा आजार होता. कुणी म्हणायचं, त्यांच्यात विष जवळ ठेवायची रीत असते. ठाण्यासमोरच्या हॉटेलात कपबशा विसळणाऱ्या पोरानं रात्रभर ओरडणं ऐकलं, असंही कानावर आलं, पण ते पोर पुढं कुणाला भेटलं नाही. मी पोरांच्या घोळक्यात ही प्रत्येक गोष्ट सांगितली आहे, थोडं तिखटमीठ लावूनही. आज वाटतं, इतक्या गोष्टींची गावाला गरज होती. एवढ्या गर्दीत, त्याच्याकडं बोट कुणी दाखवलं हा प्रश्न कुठल्या कुठं बुजून गेला.

त्याची बायको मात्र एकच बोलली. तिसऱ्या दिवशी ती पोरांना घेऊन चावडीपुढं आली आणि खालीच बसली. म्हणाली, "कसा मेला त्ये मी इचारत न्हाई. हितनं नेला तवा चालत गेला का न्हाई, यवढं सांगा. तुमी समद्यांनी बघितला." कुणी बोललं नाही. पोलीस पाटलांनी तिला पायलीभर मिलो द्यायला सांगितला. तिनं तो घेतला नाही. दुसऱ्या दिवशी माळावर पाल नव्हतं.

पारध्यावरच संशय का, याचं उत्तर गावाच्या स्वभावात शोधत मी बरीच वर्षं घालवली. ते निम्मं कायद्यात सापडलं. 1871 साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. अमुक जमातीत जन्मला तो गुन्हेगार, असं त्यात गृहीत होतं. 1911 च्या नव्या कायद्यानं त्याचा फास मुंबई इलाख्यावरही पडला. नाव नोंदवायचं, हजेरी द्यायची, परवानगीशिवाय मुक्काम हलवायचा नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणाची सेटलमेंटच होती. आतली माणसं गिरण्यांत कामाला जायची आणि हजेरीला परत कुंपणात यायची. 31 ऑगस्ट 1952 ला देशभरातून तो कायदा गेला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणतात. पण माझ्या आजीची पिढी तो कायदा बघतच वाढलेली. पारावरची कुजबुज ऐंशी वर्षं सरकारच्या शिक्क्यानं चालली, मग शिक्का गेला आणि कुजबुज राहिली.

पुढचं सांगायला हवं. श्रावणात भिवंडीहून मनिऑर्डर आली. आमच्या गावचं पोस्ट वडिलांकडं असायचं, ते शाळेत गुरुजी होते. फॉर्मखालच्या चिठोऱ्यावर दोन ओळी होत्या, मुकादमाच्या हातच्या. मस्टरवर खोटी नावं चढवून त्यानं पगार उचलले होते, तपासणी येणार अशी कुणकुण लागली आणि तो यंत्रमागावर निघून गेला. वडिलांनी चष्मा काढला, पुन्हा लावला, आणि तो कागद घेऊन पोलीस पाटलांकडं गेले. मी मागोमाग होतो. पाटलांनी वाचून कागद परत दिला. म्हणाले, "गुर्जी, मेलेलं आता मागं येतंय व्हय? एक घर सावरलं, ते बघा." वडील काही न बोलता परत फिरले. रात्री जेवले नाहीत. मी 'व्हय' म्हणालो होतो, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी ते कधी काढलं नाही.

नंतर मी या विषयावरचं हाताला लागेल ते वाचत गेलो, आणि आमच्या पारावरच्याच गोष्टी मला लांबलांबच्या निकालांत भेटल्या. ओडिशात 1987 च्या डिसेंबरात सुमन बेहेरा हा बावीस वर्षांचा पोरगा चौकीत नेल्यावर दुसऱ्या दिवशी रेल्वेरुळावर मेलेला सापडला. पोलिसांचं म्हणणं होतं, बांधलेली दोरी त्यानं दातांनी कुरतडली, पळाला आणि गाडीखाली आला. त्याच्या आईनं, नीलाबती बेहेरांनी, सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. कोर्टानं पत्रालाच अर्ज मानलं, दोरीची गोष्ट नाकारली आणि 1993 साली सरकारला दीड लाख रुपये भरपाई द्यायला लावली. 1998 च्या फेब्रुवारीत पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन सबर कोठडीत मेला. सबर ही जमातसुद्धा इंग्रजांच्या त्याच यादीतली. त्यानं गमछाचा फास घेतला, असं सांगण्यात आलं. त्याच्या माणसांनी पुतळा जाळला आणि खरं मढं घरात पुरून ठेवलं, पुन्हा तपासणी व्हावी म्हणून. ती झाली, आणि हायकोर्टानं त्याच्या बायकोच्या बाजूनं निकाल दिला. त्याच वर्षी आपल्याकडं बारामतीत पिन्या हरी काळे हा पारधी कोठडीत मेला. पंचवीस वर्षांत आमच्या माळापासून बारामतीपर्यंत एवढंच अंतर कापलं गेलं होतं.

कायदा हळूहळू हलला, तोही असल्याच पत्रांनी. कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून कलकत्त्याच्या डी. के. बसूंनी 1986 साली सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. त्यातून 1996 च्या डिसेंबरात निकाल आला: अटकेचा पंचनामा करा, त्यावर साक्षीदाराची सही घ्या, नातेवाइकाला कळवा, दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरकडून तपासा. कोठडीतला मृत्यू चोवीस तासांत मानवाधिकार आयोगाला कळवायचा, हे 1993 पासून आलं. 2005 च्या दुरुस्तीनं अशा मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्यानं करायची असं ठरलं, आणि त्यात एक शब्द आहे जो वाचून मी थांबलो होतो. कोठडीत माणूस मेला किंवा बेपत्ता झाला तरी, असं तिथं लिहिलंय.

आता कुणी म्हणेल, त्या बाईनं पत्र का लिहिलं नाही? तिला लिहिता येत नव्हतं. गावात ज्यांना लिहिता येत होतं, त्यांत माझे वडील होते. दुसऱ्यांची पत्रं लिहून देण्यात त्यांची निम्मी संध्याकाळ जायची. आणि पुढं मलाही चांगलं लिहिता यायला लागलं.

मागच्या वर्षी पारावर पुन्हा विषय निघाला. एक जण म्हणाला, तो पळताना आडात पडला. मी म्हणालो, "तो आडात पडला का ते मला म्हाईत न्हाई. त्या सांजेला ओढ्याला मी एक मानूस आन दोन कुत्री बघितली. कुऱ्हाड बघितली न्हाई. मुकादम बघितला न्हाई. त्यो मानूस पारधीच हुता का, हेबी मला नक्की सांगता येत न्हाई."

पन्नास वर्षं उशिरा दिलेली साक्ष. म्हातारे गप झाले. मग एकानं तंबाखू मळायला घेतली आणि पावसाचं बोलणं काढलं.