घरचे पाणी

घराच्या आवारात पाण्याचा एखादा लहानसा साठा असावा, ही हौस आपल्याकडे फार जुनी आहे. संस्कृत काव्यात राजवाड्याच्या वर्णनात 'गृहदीर्घिका' हा शब्द ठिकठिकाणी येतो. गृहदीर्घिका म्हणजे घरातील लांबट बांधीव तळे. 'मेघदूता'तील यक्ष मेघाला आपल्या घराची खूण सांगतो, तेव्हा पाचूच्या पायऱ्यांची एक वापी त्यात आवर्जून येते. आणि तेथील हंसांना पावसाळ्यातही मानस सरोवराची आठवण होत नाही, असा त्या पाण्याचा गौरव तो करतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या इ. स. ११३० च्या सुमाराच्या ग्रंथात तर 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरणच आहे. माशांच्या जाती कोणत्या, त्यांना खाऊ घालावयाचे ते काय, याचा त्यात तपशीलवार विचार आहे. म्हणजे पाणी आणि त्यातील जीव यांच्याकडे कुतूहलाने पाहण्याची परंपरा आपल्याला परकी नाही. मात्र हे सारे राजेरजवाड्यांचे होते, हे विसरून चालणार नाही.

सामान्य गृहस्थाच्या दारापर्यंत हे पाणी आले ते पेशवाईत, आणि तेही पुण्यात. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या डोंगरातले पाणी तळ्यात अडवून, दगडी नळातून केवळ उताराच्या बळावर शहरात आणले. या नळाला वाटेत ठिकठिकाणी 'उच्छ्वास' ठेवले होते. त्यांतून कोंडलेली हवा बाहेर पडे. या पाण्यावर पुण्यात हौद उभे राहिले. काळा हौद, फडके हौद, बाहुलीचा हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी अजूनही आहेत. शनिवारवाड्यात बाळ सवाई माधवरावांच्या करमणुकीसाठी कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे बांधले गेले. पर्वतीच्या पायथ्याशी तळे झाले आणि त्यातील बेटावरच्या देवाला लोक 'तळ्यातला गणपती' म्हणू लागले. ते तळे पुढे बुजले, तेथे बाग झाली. देवाचे नाव मात्र पाण्याची आठवण धरून राहिले.

घरच्या पाण्याच्या इतिहासातील सर्वांत तेजस्वी पान याच शहरात लिहिले गेले. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुला केला. शेकडो घरांतून हौद होते. पण आपल्या आवारातील पाणी ही केवळ आपल्या सोयीची किंवा शोभेची वस्तू नव्हे, हे आचरणाने दाखविणारे घर विरळा. तो हौद आजही पुण्यात पाहावयास मिळतो.

मुंबईची कथा निराळी आहे. तेथे कात्रजसारखा डोंगरी झरा नव्हता. बेटावरील वस्ती विहिरी आणि तलाव यांवरच तगून होती. धोबी तलाव, गवालिया तलाव, कावसजी पटेल तलाव, खारा तलाव ही नावे आज केवळ रस्त्यांची आणि चौकांची वाटतात. एके काळी तेथे खरोखरीचे पाणी होते. १८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले आणि या जुन्या पाणवठ्यांची गरज हळूहळू संपली. गरज संपली म्हणजे निगा संपते, आणि निगा संपली म्हणजे पाणी नासते. एकामागून एक तलाव बुजविण्यात आले. गवालिया तलावाचे मैदान झाले, आणि त्याच मैदानावर ८ ऑगस्ट १९४२ रोजी 'छोडो भारत'चा ठराव संमत झाला. पुण्यातही १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण उभे राहिले आणि नळाचे पाणी सुरू झाल्यावर हौदांची हीच गत झाली.

तथापि घरच्या पाण्यावर खरा घाला आला तो नळामुळे नव्हे. तो आला एका महान शोधामुळे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू आढळले. हिवताप दूषित हवेने होतो ही शतकानुशतकांची समजूत त्या दिवशी ढासळली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी डासच हा रोग पसरवितात हे सिद्ध केले, आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. डास पाण्यात अंडी घालतो. तेव्हा पाणी हेच रोगाचे माहेरघर, असा सरळ हिशेब लोकांनी मांडला.

मुंबईत हिवतापाने थैमान घातले होते. डॉ. बेंटली यांनी या शहराची कसून पाहणी केली आणि १९११ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. 'अ‍ॅनॉफिलीस स्टेफेन्सी' या जातीचा डास घराघरांतील विहिरींत आणि टाक्यांत वाढतो, असा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतर विहिरी बुजविण्याची किंवा झाकण घालून बंद करण्याची मोहीम सुरू झाली. पारशी समाजात विहिरीला धार्मिक महत्त्व असल्याने त्या समाजातून विरोध झाला. १७२५ साली खोदलेली भिखा बेहराम विहीर आजही शहराच्या ऐन गर्दीत पवित्र मानली जाते. पण अशा विहिरी थोड्या; बहुतेकींची तोंडे मिटली.

या मोहिमेला दोष देणे अन्यायाचे होईल. ज्या घरात तापाने फणफणलेले मूल आहे, त्या घराला कमळाचे कौतुक सांगणे हा क्रूरपणा आहे. माणसे वाचविण्यासाठी पाणी बुजवावे लागले असेल, तर ते बुजविणेच योग्य होते. परंतु या घाईत एक बारीकसा, पण महत्त्वाचा भेद लोकांच्या मनातून पुसला गेला. सारेच साचलेले पाणी सारखे नसते. एक पाणी जीवहीन असते, एक पाणी नांदते असते. डासाचे फावते ते मुख्यतः पहिल्यात.

हा भेद ओळखणारी माणसे त्याही काळात होती. १८५१ साली साताऱ्यास जन्मलेले एडवर्ड हॅमिल्टन एटकिन हे जकात आणि मीठ खात्यातील अधिकारी. १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. 'एहा' या टोपणनावाने त्यांनी आपल्या बंगल्याच्या आवारातील उंदीर, मुंग्या, कावळे, बेडूक यांवर खुसखुशीत पुस्तके लिहिली. हेच एटकिन गोव्याच्या सरहद्दीवरील नाक्यांवरील हिवतापाच्या पाहणीतही होते, आणि एका जातीच्या डासाला त्यांचेच नाव मिळाले! बेडकाचा विनोदी चरित्रकार आणि डासाचा शोधक एकच होता. तीच गोष्ट लष्करी वैद्यक खात्यातील डॉ. फ्रेझर यांची. पेशा रोग बरे करण्याचा. पण त्यांनी हिंदुस्थानातील चतुर आणि टाचण्या यांचा अभ्यास करून १९३३ ते १९३६ या काळात तीन जाड खंड प्रसिद्ध केले.

चतुराचा आणि डासाचा संबंध काय, असे कोणी विचारील. चतुराचे बालपण पाण्यात जाते. त्याची अळी तळाशी गवताआड दबा धरून बसते. तिचा खालचा ओठ घडीच्या हातासारखा असतो. भक्ष्य टप्प्यात आले की तो ओठ झटकन पुढे येतो आणि भक्ष्य धरले जाते. डासांच्या अळ्या हे तिचे आवडते खाद्य. पंख फुटल्यावर तोच चतुर उडते डास हवेत टिपतो. पाण्यावर तेल ओतले की डासाची अळी गुदमरून मरते हे खरे. पण श्वासासाठी पृष्ठभागावर येणारे पाणकिडेही तिच्याबरोबर मरतात. डास मोजक्या दिवसांत पुन्हा उपजतो. त्याच्या वैऱ्यांना परत यावयास बराच काळ लागतो.

तेलाऐवजी मासे सोडण्याचा उपाय अधिक शहाणपणाचा होता. परंतु त्यातही एक चूक झाली. १९२८ साली इटलीतून 'गँबुशिया' हा मूळचा अमेरिकेतील मासा हिंदुस्थानात आणला गेला. तो डासांच्या अळ्या खातो, पण तेवढ्यावर थांबत नाही. बेडकांची शेपटीवाली पिल्ले आणि इतर माशांची अंडी यांचाही तो फडशा पाडतो. जगातील अत्यंत उपद्रवी परकी प्राण्यांच्या यादीत आज त्याचे नाव आहे. वस्तुतः आपल्याच ओढ्यांतून आणि भातखाचरांतून, डोक्यावर चंदेरी ठिपका मिरविणारा बोटाएवढा देशी मासा पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरून हेच काम पूर्वापार करीत आला आहे. घरच्या वैद्याला विसरून परदेशी औषध मागवावे, तसा हा प्रकार झाला. बेडकांच्या बाबतीतही शहाणपण उशिराच सुचले. त्यांच्या तंगड्या हिंदुस्थानातून परदेशी पाठविल्या जात. तो व्यापार १९८७ साली बंद करण्यात आला.

आणि एवढे करून डास गेले काय? तलाव गेले, विहिरी मिटल्या. डास मात्र घरात राहावयास आले. स्टेफेन्सीने गच्चीवरील उघड्या टाक्या गाठल्या. डेंग्यू पसरविणाऱ्या डासाला तर फुलदाणी, कुंडीखालची ताटली, टाकलेला टायर किंवा करवंटी एवढे पाणी पुरते. त्याची अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात. या भांड्यांत ना चतुर, ना मासा, ना बेडूक. ज्या पाण्यात डासाला शत्रू होते ते आपण बुजविले, आणि ज्या पाण्यात एकही शत्रू नाही ते गॅलरीत जपून ठेवले.

म्हणूनच ज्यांच्या घरापुढे थोडी बाग आहे, त्यांनी या इतिहासापासून धडा घेऊन एक लहानसे नांदते तळे करावयास हरकत नाही. त्याला संगमरवर लागत नाही. चार हात लांब, तीन हात रुंद खड्डा पुरे. मध्ये दीड हात खोली असावी, म्हणजे वैशाखातही तळाचे पाणी फार तापत नाही. एक बाजू मात्र पायरीसारखी उभी न ठेवता उतरती ठेवावी. त्या उतारावरून चिमणी-बुलबुल पाणी पितील, आणि पडलेला सरडा वर येऊ शकेल. पुण्यातले हौद खोल आणि सरळ कडांचे होते. ते माणसांच्या घागरींसाठी होते. हे तळे इतरांसाठी आहे. तळाला चिकणमाती चोपावी किंवा जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर माती पसरावी. जागा अर्धी उन्हात, अर्धी सावलीत असावी. थेट झाडाखाली नसावी, नाही तर पानगळीने पाणी कुजते.

पाणी पावसाचे मिळाले तर उत्तम. नळाचे असल्यास झाडे आणि मासे सोडण्यापूर्वी ते दोन-तीन दिवस उघडे ठेवावे. मध्यभागी कुमुदाचा एक कंद, कडेला वेखंड, पाण्याखाली थोडी पाणवनस्पती एवढी लागवड पुरेशी आहे. जलपर्णी मात्र कितीही सुंदर दिसली तरी घरात आणू नये. पुण्याच्या नद्यांचे तिने काय केले ते सर्वांनी पाहिले आहे. शोभेचे लाल मासे टाळावे, गँबुशिया तर मुळीच नको. वर सांगितलेले देशी मासे चार-सहा सोडावे, आणि आठवड्यातून एकदा पाणी निरखून पाहावे. डासांच्या अळ्या दिसल्याच तर गाळणीने काढाव्या. औषध टाकू नये. महानगरपालिकेचा तपासनीस आला तर त्याला तळे लपवू नये, दाखवावे. घरात लहान मूल असेल तर भोवती कुंपण घालावे किंवा पाण्यावर बळकट जाळी बसवावी. यात हयगय नको. आणि तळे करण्यापूर्वी घरातल्या कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या कराव्या, टाकीचे झाकण घट्ट बसवावे. हे न करता तळे करणे म्हणजे दार उघडे टाकून खिडकीला कडी लावण्यासारखे होईल.

बेडूक आणि चतुर विकत आणावयाचे नाहीत. त्यांना निमंत्रण लागत नाही. चतुर बहुधा आधी येतो. एका काडीवर बसून तो जागेची पाहणी करतो. बेडूक ज्येष्ठ-आषाढाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर येतो, जवळपासच्या मातीत तो झोपलेला असेल तर.

शहराच्या वस्तीत तो नसेलही. एखाद-दोन पावसाळे वाट पाहावी लागेल. पण ज्या रात्री त्या चिमुकल्या पाण्याच्या कडेने पहिला 'डराव' ऐकू येईल, त्या रात्री घरातल्या माणसांनी खिडकी लावून घेऊ नये. ज्या शहरांनी आपली तळी बुजवून केवळ त्यांची नावे राखली, तेथे एका घरात तरी नाव मागाहून येईल आणि पाणी आधी आलेले असेल.