दिल्लीच्या धमन्या दिल्लीतच मोजणाऱ्या डॉक्टर

लक्ष्मीबाई नगरातून पुन्हा एकदा तुमच्याशी बोलतोय. या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया आणि सेनापती पाहतो. आजची लढाई वेगळी आहे. ती माणसाच्या धमन्यांमधली आहे आणि ती लढल्या डॉ. शिवरामकृष्ण पद्मावती, भारतातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ.

त्यांचा जन्म 1917 चा, ब्रह्मदेशातला. रंगूनला त्या डॉक्टर झाल्या. 1942 मध्ये जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या. ती मोहीम आम्ही फौजेत नकाशावर अभ्यासतो. तिथे बाण असतात, पलटणींची नावं असतात; घरदार सोडून निघालेली कुटुंबं नसतात. पद्मावती आई आणि बहिणींबरोबर कोइमतूरला आल्या. घरातले पुरुष मागे राहिले. ते जिवंत आहेत की नाहीत, हे कळायला युद्ध संपावं लागलं.

1949 मध्ये त्या लंडनला गेल्या. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला हेलन टॉसिग यांच्याकडे आणि 1952 पासून हार्वर्डला पॉल डडली व्हाइट यांच्याकडे शिकल्या. हे व्हाइट म्हणजे 1955 मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणारे डॉक्टर. आहार आणि धमन्यांचा रोग यांचा संबंध शोधण्याचं काम तेव्हा पाश्चात्त्य देशांत जोरात चाललं होतं. फ्रॅमिंगहॅम गावाची प्रसिद्ध पाहणी 1948 मध्येच सुरू झाली होती.

1953 मध्ये पद्मावती भारतात परतल्या. आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांच्या पुढाकाराने त्या दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात रुजू झाल्या. वर्षभरात, रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीने, तिथे त्यांनी हृदयरोगाचा विभाग आणि कॅथेटर प्रयोगशाळा उभी केली. कॅथेटर म्हणजे शिरेतून थेट हृदयापर्यंत नेलेली बारीक नळी. आतला दाब किती, हे मग अंदाजाने सांगावं लागत नाही, मोजता येतं.

आता मुद्द्यावर येऊ. परदेशातून शिकून आलेल्या माणसाने तिथलं पुस्तक इथे उघडायचं आणि त्याप्रमाणे औषध लिहायचं, हा सोपा मार्ग होता. पण नकाशा दुसऱ्याच मुलखाचा असेल तर आधी रेकी करावी लागते. बाईंनी नेमकं तेच केलं. सकाळी ओपीडीत समोर बसलेला रुग्ण त्यांच्या संशोधनाचा प्रश्न ठरवत होता.

1959 मध्ये 'सर्क्युलेशन' या अमेरिकन नियतकालिकात त्यांचे आणि सहकाऱ्यांचे दोन निबंध आले. पहिला दिल्लीकरांच्या आहारातली चरबी, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि धमनीकाठिण्य यांवर. धमनीकाठिण्य म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबीचे थर साचणं, ती अरुंद आणि ताठर होणं. इथे त्यांनी उत्पन्नगटांकडे पाहिलं. एकाच शहरात, एकाच हवेत राहणाऱ्या माणसांची ताटं मात्र वेगळी होती. गरिबाच्या ताटात तूप-तेल कमी, रक्तात कोलेस्टेरॉलही कमी. म्हणजे हा रोग नुसता वंशाचा किंवा हवामानाचा नाही, राहणीचा त्यात वाटा आहे, अशी दिशा दिसली.

दुसरा निबंध 127 रुग्णांचा. फुफ्फुसं दीर्घकाळ खराब राहिली की तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात, फुफ्फुसाच्या धमनीत दाब वाढतो आणि तो रेटता रेटता हृदयाची उजवी बाजू थकते. पाश्चात्त्य पुस्तकांत हा मुख्यतः उतारवयातल्या पुरुषांचा रोग होता. दिल्लीत मात्र त्याने बायकाही तितक्याच ग्रासलेल्या दिसल्या, आणि त्याही कमी वयाच्या. विडी-सिगारेट न ओढणाऱ्या. मग कारण काय? संशयाची सुई चुलीकडे वळली. लाकूड, शेणाच्या गोवऱ्या आणि बंद खोलीतला धूर.

माझं बालपण इथल्याच सरकारी क्वार्टरांत गेलं. हिवाळ्यात संध्याकाळ झाली की दारोदार कोळशाच्या अंगीठ्या पेटत. आमच्या आया पदराने डोळे पुसत फुंकर घालायच्या. त्या धुराला आम्ही स्वयंपाकाचा भाग समजायचो. त्याच शहरात एक डॉक्टर त्या धुराचा हिशेब मांडत होत्या, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. आज गॅसच्या शेगडीवर चहा ठेवताना ती आठवण येते.

पुढे 1962 मध्ये त्यांनी ऑल इंडिया हार्ट फाउंडेशन स्थापन केलं. 1966 मध्ये हृदयरोगतज्ज्ञांची जागतिक परिषद दिल्लीत भरली, तिच्या त्या सरचिटणीस होत्या. 1967 मध्ये मौलाना आझाद मेडिकल कॉलेजच्या प्रमुख झाल्या, गोविंद बल्लभ पंत रुग्णालयातला हृदयविभाग घडवला. निवृत्तीनंतर, 1981 मध्ये, नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट उभं केलं. 1967 मध्ये पद्मभूषण, 1992 मध्ये पद्मविभूषण. नव्वदी ओलांडल्यावरही त्या रुग्ण पाहत होत्या. 29 ऑगस्ट 2020 रोजी, 103 व्या वर्षी, कोविडने त्यांचं निधन झालं.

मंडळी, या इतिहासाचा शेवट मात्र सुखाचा नाही. ज्या दिल्लीत धमन्यांचा रोग भरल्या ताटाच्या घरातला वाटत होता, त्याच दिल्लीत नंतरच्या पाहण्यांमध्ये तो सर्रास दिसू लागला. शहरात जास्त, भोवतालच्या खेड्यांत कमी. आपण खाणं वाढवलं, चालणं कमी केलं. इशारा या शहरात, याच शहराच्या माणसांवरून दिला गेला होता. फौजेत रेकीचा अहवाल फाइलीत पडून राहिला तर त्याची किंमत जवान मोजतात. इथे ती घरोघरी मोजली जाते आहे, आणि हल्ली तर चाळिशीतल्या माणसांच्या घरीही.

म्हणून एवढंच सांगतो. चुलीच्या धुरात बसणारी एखादी बाई तुमच्या गावी असेल, तर तिचा दम लागणं 'वयाचं' म्हणून सोडू नका. आणि आपला स्वतःचा रक्तदाब या आठवड्यात मोजून घ्या. आधी मोजा, मग बोला, हीच पद्मावतीबाईंची पद्धत होती.

जय हिंद.