बरोबरीचा पालक: हायस्कुलातील लेखन-साहाय्य केंद्राची कुळकथा

अमेरिकेतील अनेक हायस्कुलांत ‘रायटिंग सेंटर’ नावाची खोली असते. तेथे निवडून शिकवून तयार केलेले विद्यार्थी आपल्याच शाळेतील इतर मुलांच्या शेजारी बसून त्यांचे निबंध वाचतात, शंका विचारतात, मात्र गुण देत नाहीत. या मदतनिसाला ‘पीअर ट्यूटर’ म्हणतात, आणि केंद्राच्या कुळाचा शोध या जोडशब्दापासूनच घ्यावा लागतो. ‘पीअर’ हा लॅटिनमधील ‘पार’, म्हणजे समान, या शब्दावरून आला, तर ‘ट्यूटर’ राखण करणे या अर्थाच्या ‘तुएरी’ या क्रियापदावरून. म्हणजे सवंगडी आणि पालक अशी दोन न जुळणारी नाती एकाच मुलाकडे आली. हा वदतोव्याघात तर नव्हे, असा प्रश्न जॉन ट्रिंबर यांनी १९८७ साली आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला होता.

१९०५ च्या सुमारास सेंट लुईसच्या एका हायस्कुलात फिलो बक यांनी निबंध घरून लिहून आणण्याऐवजी वर्गातच लिहून घेण्याची ‘प्रयोगशाळा पद्धत’ पुरस्कारली, आणि काही अभ्यासक तिलाच केंद्राचे मूळ मानतात. पण त्यातून खोलीचे कुळ कळते, नात्याचे कळत नाही. नात्याचा धागा ब्रुकलिन कॉलेजातील केनेथ ब्रफी यांच्यापाशी सापडतो. १९७० साली न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने प्रवेश सर्वांना खुला केल्यावर आलेल्या अनेक विद्यार्थ्यांना अध्यापकांची जादा मदत म्हणजे वर्गाचाच विस्तार वाटे आणि ते ती टाळत. म्हणून मदतीला विद्यार्थीच नेमले गेले. ब्रफी यांनी स्वतः ऋण मान्य केले ते लंडनच्या एम. एल. जे. ॲबरक्रॉम्बी यांचे. वैद्यकीचे विद्यार्थी लहान गटात चर्चा करून एकमताला येतात तेव्हा त्यांची निर्णयशक्ती अधिक लवकर पक्व होते, असे ॲबरक्रॉम्बी यांना दिसले होते. निबंध सुधारण्याची रीत अशी निदानाच्या अभ्यासातून आली. कॉलेजातली ही रीत पुढे हायस्कुलांतही आली, आणि तेथील केंद्रांवर पामेला फॅरेल यांचे पुस्तक १९८९ साली निघाले.

याहून जुना दावेदार म्हणजे ‘मॉनिटर’. मराठी शाळांतील वर्गप्रमुखाला आजही चिकटलेला हा शब्द आठवण देणे, बजावणे या अर्थाच्या लॅटिन ‘मोनेरे’वरून आला असून संस्कृत ‘मन्’ या धातूशी त्याचे नाते आहे. मद्रासच्या अनाथालयाचे प्रमुख अँड्र्यू बेल यांनी एका ‘मलबार’ शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिले आणि मुलांकडून मुलांना शिकवण्याची पद्धत बसवून १७९७ साली लंडनमध्ये तिचे वर्णन छापले. (त्या काळी इंग्रज तमिळ लोकांनाही ‘मलबार’ म्हणत, त्यामुळे ही शाळा केरळातली होती असे समजण्याचे कारण नाही.) जोसेफ लँकेस्टर यांनी तशीच पद्धत लंडनमध्ये चालवली, १८१८ साली ते स्वतः अमेरिकेत गेले, आणि १८२० च्या दशकात ती मुंबई इलाख्यातील मराठी शाळांतही आली. ही पद्धत मुळात हिंदुस्थानातली आहे, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांनी १८१४ च्या खलित्यात मान्य केले होते.

तरीही मॉनिटर हा केंद्राचा पूर्वज ठरत नाही, कारण बेल-लँकेस्टर यांनी त्याला वरून अधिकार दिला, पाठ घोटून घेण्याचे काम दिले आणि बरोबरी मोडली. खरा पूर्वज १६२३ सालच्या एका ओसरीवर भेटतो. गोव्याहून पोर्तुगीज वकिलाबरोबर इक्केरीच्या दरबाराकडे निघालेले रोमन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले यांनी घाटातील एका देवळापाशी चार मुले पाहिली. एक मुलगा सुरात पाठ म्हणत बोटाने वाळूवर लिही, बाकीचे त्याच्याबरोबर म्हणत लिहीत, आणि जागा भरली की पुसून पुन्हा वाळू पसरत. चूक झाली तर कोण सुधारतो, असे विचारल्यावर आम्हीच एकमेकांना शिकवतो, येथे गुरुजी लागत नाहीत, असे त्यांनी सांगितले. त्या ओसरीपासून ब्रुकलिनपर्यंत सलग वंशवेल जोडता येत नाही; साम्य आहे ते रचनेचे, पण ते वरवरचे नाही. वाळूवरची चूक दप्तरी राहत नाही, तशीच केंद्रातल्या बैठकीला गुणपत्रिकेत जागा नसते. शिवाय जेफ ब्रूक्स यांनी १९९१ साली मदतनिसासाठी सांगितलेला नियम या मुलांना आधीच ठाऊक असल्यासारखा वाटतो: समोर नव्हे, शेजारी बसावे, कागद ज्याचा त्याच्यापुढेच राहू द्यावा, आणि त्यावर आपण काहीही लिहू नये.