कोकणातील घरे आणि बुरशी : प्रतिबंधाच्या पारंपरिक व्यवस्थेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. या काळात हवेतील सापेक्ष आर्द्रता अनेकदा ८५ टक्क्यांच्या वर राहते. भिंत, लाकूड, कापड, कागद व धान्य यांवर बुरशी धरण्यास एवढी आर्द्रता पुरेशी असते. बुरशीचा प्रतिबंध हा येथे पूर्वी एखाद्या औषधाचा नव्हे, तर घराची बांधणी आणि दरवर्षीचे श्रम यांचा भाग होता, हे प्रस्तुत लेखात मांडले आहे.

बांधणी

कोकणातील घराचा मुख्य दगड जांभा. तो सच्छिद्र असल्याने पाणी शोषतो. म्हणून उंच जोते, उतरते छप्पर, पुढे आलेली वळचण व सभोवतालची पडवी यांच्या योगे मूळ भिंत पावसापासून दूर ठेवली जाई. वाऱ्याबरोबर येणारी झड अडवण्यासाठी उघड्या बाजूंना माडाच्या झावळ्यांची विणलेली झापे बांधत. बाझल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला आणि पुढे मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र पसरली. गवती छपराप्रमाणे ती वरचेवर बदलावी लागत नसत. शिवाय त्यांच्या फटींतून धूर व बाष्प बाहेर पडत राही.

वार्षिक श्रम

पावसाळ्यापूर्वी घर शाकारणे हे आगोटीचे पहिले काम. दुसरे महत्त्वाचे काम चुना लावण्याचे. किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना तयार करीत. ताजा विरवलेला चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी वाढत नाही. परंतु हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून त्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते व हा गुण कमी होतो. गणपतीपूर्वी वा दिवाळीपूर्वी पुन्हा पुन्हा चुना देण्याच्या प्रथेमुळे भिंतीची ही संरक्षक शक्ती नव्याने भरून निघे. सणाने केवळ शोभा नव्हे, तर देखभालीचे वेळापत्रकही दिले. पाऊस ओसरल्यावर आश्विनातील उन्हात पोथ्या, गोधड्या व पेट्यांतील कपडे वाळवले जात.

चुलीची ऊब व धूर यांनी माळ्यावरील बियाणे, सुके मासे व वासे कोरडे राहत. मात्र या संरक्षणाची किंमत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या डोळ्यांनी व फुप्फुसांनी मोजली. सारवणे आणि वाळवणे ही कामेही प्रामुख्याने त्यांच्याच वाट्याला आली. म्हणून या व्यवस्थेचा निव्वळ गौरव करणे इतिहासाला धरून होणार नाही.

स्थित्यंतर

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिमेंटचा गिलावा, सपाट स्लॅब व तैलरंग खेडोपाडी पोहोचले. स्लॅबमधून झिरपलेले पाणी आणि रंगाच्या पापुद्र्याआड कोंडलेली ओल यांमुळे भिंतीला सुकण्यास वाव उरला नाही. त्याच काळात चाकरमान्यांची कुटुंबेही मुंबईला स्थिरावली. ऐन पावसाळ्यात अनेक घरांना कुलूप राहू लागले. चूल पेटेना, खिडकी उघडेना. गणपतीला दार उघडताच कुबट वास येतो, तो केवळ पावसाचा नव्हे. घरातून माणसे गेल्याचाही तो परिणाम आहे.

ब्लीचने भिंतीवरील डाग जातो, पण ओलीचा उगम कायम राहिल्यास बुरशी परत येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत ओल व बुरशी यांचा श्वसनविकारांशी असलेला संबंध नोंदवून ओल रोखण्यावरच भर दिला आहे.

निष्कर्ष

जुन्या व्यवस्थेचे मर्म चुना किंवा धूर या एकेका साधनात नव्हते. पाणी भिंतीपर्यंत येऊ न देणे, आलेली ओल बाहेर जाऊ देणे आणि हे काम दरवर्षी करणे, ही तिची त्रिसूत्री होती. पहिली दोन सूत्रे आजच्या बांधकामात आणता येतात. गळती रोखणारे उतरते छप्पर, वायुवीजन व भिंतीला श्वास घेऊ देणारा चुन्याचा लेप हे त्याचे मार्ग होत. तिसऱ्या सूत्राचा प्रश्न अधिक कठीण आहे. ते श्रम पूर्वी कोणी केले याची दखल घेतल्याशिवाय पुढे ते कोणी करावेत, हे ठरवता येणार नाही.