पैसे गेले, तिकीट नाही

परभणी–परळी मार्गावरील पोखर्णी नृसिंह स्थानक दक्षिण मध्य रेल्वेत येते. तिच्या सिकंदराबाद केंद्रात १९९४ मध्ये ‘कॉन्सर्ट’ ही आरक्षणप्रणाली आली. १९९९ पर्यंत देशातील पाचही केंद्रे परस्परांशी जोडली गेली. आसन राखणे, भाडे नोंदणे, तिकीट देणे. एक पायरी चुकली की सर्व मागे घ्यायचे, हा ‘रोलबॅक’. जिम ग्रे यांनी १९८१ च्या निबंधात या ‘सर्व किंवा काहीच नाही’ तत्त्वाचे विवेचन केले होते. प्रोग्रामने मधली चूक गिळून पुढचे पाऊल टाकले, तर मात्र अर्धवट नोंदच कायम होते.

२००२ मध्ये इंटरनेटवरून तिकिटे मिळू लागली आणि पेच वाढला. पैसे कापणारी बँक रेल्वेच्या डेटाबेसबाहेर! रोलबॅकने आसन सुटते, बँकेतील रक्कम नव्हे. ती परतवणारा स्वतंत्र व्यवहार प्रोग्राममध्ये लिहावाच लागतो.